करंट घेतोय का?

कोपरगावहून नगरला आलेली वस्तू बिघडलेली निघाली, तर आमच्या घरात तिची तपासणी होत नाही. थेट निकाल लागतो. "नगर-मनमाड रस्ता," एवढंच नाना म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. या रस्त्याच्या नावावर आमच्याकडे लोणच्याची एक बरणी, ताईच्या मानेचा पट्टा, कित्येक अंडी आणि दूरच्या नात्यातलं एक मोडलेलं लग्न जमा आहे. (लग्नाचा रस्त्याशी संबंध काय, ते मलाही नीट उमगलेलं नाही, पण मुलाकडचे फार उशिरा पोहोचले होते म्हणतात.) 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. खड्डे मात्र जुन्याच पत्त्यावर राहिले.

म्हणून मे महिन्यात ताई कोपरगावहून सुट्टीला आमच्याकडे नगरच्या सावेडीला आली आणि तिच्या चिरंजीवांनी बॅगेतून हातात धरून खेळायचं ते गेमचं यंत्र काढून "मामा, हे चालूच होत नाहीये" असं जाहीर केलं, तेव्हा निदान तयारच होतं. राहाता ते राहुरीच्या दरम्यान आतली एखादी वायर सुटली असणार.

"नाना, वायर नसतात त्यात," भाचा म्हणाला.

"वायर नाही? मग करंट काय चालत जातो?"

नाना वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. 2005 साली मंडळाचे भाग पडून कंपन्या झाल्या, पण नानांच्या लेखी मंडळ जागच्या जागी आहे आणि ते स्वतः फक्त रजेवर आहेत. इतर लोक खिशाला पेन लावतात, तसा ते टेस्टर लावतात. तो त्यांनी यंत्राच्या चार्जिंगच्या भोकाला टेकवला. दिवा लागला नाही. "मयत," नाना म्हणाले. आता टेस्टरमधल्या त्या इवल्याशा निऑनच्या दिव्याला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, आणि या यंत्राची बॅटरी पोटभर जेवली तरी चारच्या थोडी वर जाते, हे मी सांगून पाहिलं. पण टेस्टरवर अविश्वास म्हणजे नानांच्या एकूण सेवापुस्तकावरच शेरा मारण्यासारखं होतं.

यंत्र घरभर फिरलं. काळी, गुळगुळीत काच. बंद असल्यामुळे त्यात ज्याला त्याला आपला चेहरा दिसत होता. ताईने कपाळावरची टिकली सारखी केली. नानांनी दाढी किती वाढली आहे ते पाहिलं. आईने काचेवरून पदर फिरवला, काही न बोलता परत दिलं आणि ताक घुसळायला गेली.

माझी पिढी ब्रिक गेमची. 1990 नंतरच्या दशकात यात्रांतून, एसटी स्टँडबाहेरच्या हातगाड्यांवरून हा प्लॅस्टिकचा खेळ घरोघर शिरला. आमच्याकडे तो मढीच्या यात्रेतून आला. पाथर्डी तालुक्यातल्या कानिफनाथांच्या या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. काका बाजार बघायला म्हणून गेले आणि ब्रिक गेम घेऊन आले. गाढव आणलं असतं तर निदान माती वाहिली असती, असं आजीचं शेवटपर्यंत मत होतं. खोक्यावर 9999 गेम असं छापलेलं. प्रत्यक्षात मोजके, बाकी सगळे वेग आणि पातळी बदलून तेच. दहा चौकोन रुंद, वीस चौकोन उंच एवढा पडदा, आणि वरून पडणाऱ्या विटा. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी 1984 साली तयार केलेला टेट्रिस तो हाच, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही तो चिनी समजत होतो आणि आजी मढीचा.

तो बंद पडला तर काय करायचं, हे घरातल्या पोराटोरांना तोंडपाठ होतं. पेन्सिल सेल काढायचे, तळहातावर चोळायचे, उलटसुलट करून पुन्हा बसवायचे. तरी नाही तर पत्र्यावर उन्हात ठेवायचे. ऊन लागलं की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि मेलेला सेल अर्धा डाव तरी खेळू देतो. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर बसला असेल तर खोडरबर. बटण मेलं असेल तर झाकण उघडून त्याच्या रबराखालची कार्बनची काळी टिकली पुसायची आणि तिच्यावर शिसपेन्सिल घासायची, कारण पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते. पडद्यावरच्या रेघा गायब झाल्या तर बोटाने कडेला दाबून धरायचं. काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, ती सरकलेली असते. आणि कशालाच दाद दिली नाही तर चापट. चापटीला लोक हसतात, पण कच्चं राहिलेलं सोल्डर आणि सैल पडलेली पट्टी क्षणभर का होईना जागेवर आणायचं काम तीच करायची.

ही एवढी विद्या घेऊन मी भाच्यासमोर मांडी घालून बसलो. सेल कुठे आहेत? नाहीत. झाकण? नाही. स्क्रू आहेत, पण त्यांच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच. घरातल्या एकाही स्क्रू-ड्रायव्हरला न जुमानणारी. उन्हात ठेवू का म्हटलं, तर भाच्याने यंत्र छातीशी धरलं. अशा वेळी नानांनी शांतपणे हात पुढे केला, यंत्र घेतलं आणि एक चापट मारली. भाचा जो किंचाळला, त्याने शेजारचे रिसालदार साहेब कुंपणावरून डोकावले.

हे शेजारी चिलखती दलातले. भिंगारला रणगाड्यांच्या प्रशिक्षण केंद्रात नोकरीची बरीच वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर नगरलाच घर बांधलं. 1994 साली सुरू झालेलं इथलं रणगाडा संग्रहालय म्हणजे त्यांचं दुसरं अंगण. पाहुणे आले की त्यांना पॅटन दाखवायला असे नेतात, की जणू स्वतःच दोरी बांधून ओढत आणला होता.

"सगळ्यात आधी टर्मिनल," ते आत येता येता म्हणाले. "टँक सुरू झाला नाही की नवखे पोरगे इंजिनाकडे पळतात. अरे, बॅटरीचं टर्मिनल बघा आधी!" मग टॉर्च मागवला, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि चार्जिंगच्या भोकात पाहिलं. आत खरोखरच काहीतरी होतं. टूथपिकने हळूहळू कोरून त्यांनी करड्या रंगाचा कापसाचा बोळा बाहेर काढला. खिशात, बॅगेत राहून या भोकांत अशी कापसाची लव साठते आणि मग पिन पूर्ण बसत नाही, हे मोबाईलवाल्यांनाही ठाऊक असतं. बोळा बशीत ठेवून सगळ्यांना दाखवण्यात आला. टाळ्या झाल्या. यंत्र तसंच.

भाच्याने मग आपल्या पिढीचा उपाय काढला. पॉवरचं बटण बारा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. आतला प्रोग्रॅम अडकला असेल तर यंत्र सक्तीने बंद होतं आणि नव्याने उठतं. नाना सेकंद मोजू लागले. त्यांचा सेकंद मंडळाचा होता, साहेबांचा लष्कराचा. दोघांचे बारा एकत्र येईनात. भाच्याचा अंगठा पांढरा पडला.

वातावरण निवळावं म्हणून त्याने एक गोष्ट सांगितली. 1989 साली आलेला निन्टेन्डोचा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा. आखाती युद्धात एका अमेरिकी सैनिकाच्या बराकीवर बॉम्ब पडला म्हणतात, आणि त्यात त्याचा गेम बॉय जळाला. पुढचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं. कंपनीकडे पाठवला तर आत जीव होता! पुढे कित्येक वर्षं तो तसाच जळका, टेट्रिस दाखवत, न्यूयॉर्कच्या दुकानात काचेआड मांडून ठेवला होता.

रिसालदार साहेब गहिवरले. "आपल्या म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे तो," म्हणाले.

"बॉम्बचं काय सांगता," नाना म्हणाले, "कोल्हार-राहुरी मार्गे आणला असता म्हणजे कळलं असतं."

संध्याकाळी मी आणि भाचा बाजारात गेलो. पहिल्या मोबाईलवाल्याने यंत्र हातात घेण्यापूर्वीच "मदरबोर्ड" म्हणून टाकलं. हातात घेतल्यावर "चार्जिंग आयसी" म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा तो "डिस्प्ले पण असू शकतो" असं पाठीमागून सांगत होता. साडेतीन हजार लागतील, याबद्दल मात्र त्याचं मत सुरुवातीपासून ठाम होतं.

माळीवाड्याच्या बाजूला, आता पत्ता सांगून सापडणार नाही अशा बोळात, एक जुने रेडिओवाले बसतात. दुकान म्हणजे भिंतीतलं कपाट. त्यात ते, एक सोल्डरची गन आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून नंतर न्यायला न आलेले ट्रान्झिस्टर. त्यांनी यंत्र पाहिलं, वजन केल्यासारखं तळहातावर तोललं आणि खणातून अंगठ्याएवढं एक मीटर काढलं. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारं. वर निळे आकडे: डावीकडे व्होल्ट, उजवीकडे अँपिअर. चार्जर लावला. 5.06 आणि 0.00. पिन जरा हलवली. 5.04 आणि 0.09. तिथेच तो आकडा थरथरत थांबला. काच काळीच होती, पण म्हातारबुवा खूष झाले.

"करंट घेतोय. जिवंत आहे."

"मग चालू का होत नाही?"

"किती दिवस पडून होतं?"

हा प्रश्न घरात एकालाही सुचला नव्हता. भाच्याने जमिनीकडे पाहिलं. दिवाळीनंतर ताईने ते काढून घेतलं होतं आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. म्हणजे रस्ता निर्दोष! सगळा घात कोपरगावातच, घरच्या घरी झालेला.

म्हातारबुवांनी सांगितलं ते असं. लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी थोडी थोडी उतरत जाते. त्यात यंत्र नुसतं झोपवलेलं असेल तर आतून चाटत राहतं. व्होल्ट अडीचच्या आसपास आले, की बॅटरीतलं रक्षणाचं सर्किट दार लावून घेतं, आणखी उतरून ती कायमची जाऊ नये म्हणून. अशा बॅटरीला चार्जर एकदम पूर्ण करंट देत नाही. तीनच्या घरात येईपर्यंत थेंब थेंब देतो. तेवढा वेळ पडद्यावर काही दिसत नाही. "लावून ठेवा. रात्रभर. आणि हात लावू नका," ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत; एक ट्रान्झिस्टर तेवढा घेऊन जा म्हणाले.

तुम्हाला वाटेल, प्रश्न मिटला. हात लावू नका, हे आमच्या घरात सांगायला सोपं आहे! यंत्र दिवाणखान्यातल्या बोर्डाला लावलं. भाचा आला, पिन काढून बटण दाबून बघितलं, पुन्हा लावली. ताई तिथून जाता जाता "झालं का रे?" म्हणत तेच करून गेली. रिसालदार साहेब रात्री शतपावली घालताना मुद्दाम टर्मिनल तपासायला आले. दर वेळी थेंबभर आलेली वीज त्या बटणात खर्ची पडत होती. पेरलेलं बी उगवलं का ते रोज उकरून बघावं, तसा प्रकार. त्यात त्याच स्विचबोर्डावर मोबाईल लावायला कुणीतरी यंत्राचाच स्विच बंद केला. कुणी, हे अजून उघडकीला आलेलं नाही. पण मोबाईल ताईचा होता.

शेवटी नाना उठले. माळ्यावरची ट्रंक उघडली आणि तिच्यातून दोरी ओवलेली पत्र्याची पाटी काढली. तांबड्या अक्षरात: लाइनवर माणसे काम करीत आहेत. खांबावर सहकारी चढला असताना खालच्या स्विचला ही पाटी अडकवून नानांनी नोकरी केली. पाटी असताना स्विचला हात लावणाऱ्याची त्यांच्या काळात काय गत व्हायची, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाटी बोर्डाला अडकली. नाना खाली सतरंजी टाकून झोपले. फरक इतकाच, की आयुष्यभर ही पाटी कुणी वीज चालू करू नये म्हणून होती, आणि आता बंद करू नये म्हणून.

पहाटे केव्हातरी भाच्याची आरोळी ऐकू आली. काचेवर बॅटरीचं चित्र, त्यात एक बारीक तांबडी रेघ.

श्रेयाची वाटणी नाश्त्यालाच झाली. नानांच्या मते चापट. परिणाम फक्त उशिरा दिसला. रिसालदार साहेबांनी कापसाचा बोळा असलेली बशी जपून ठेवायला सांगितलं. भाचा बारा सेकंदांवर अडून बसला. ताईचं म्हणणं, तिने वेळेत कुलपात ठेवलं म्हणून तर परीक्षेत पंच्याऐंशी टक्के मिळाले, यंत्राचं काय घेऊन बसलात. रेडिओवाल्या म्हातारबुवांचं नाव मी काढलं, पण त्यांनी पैसे न घेतल्यामुळे त्यांना कुणी फारसं मोजलं नाही.

बातमी मात्र गल्लीत फिरली. दहाच्या सुमारास पलीकडच्या काकू दारात उभ्या, कडेवर मिक्सर. "काल दाण्याचा कूट करता करता बंद पडला हो. तुमच्याकडे दुरुस्त होतं म्हणे सगळं."

मिक्सर टीपॉयवर आला. नानांनी खिशातून टेस्टर काढला. साहेबांनी टॉर्च मागवला. भाचा बटण दाबून धरून मोजायला लागला. "किती दिवस पडून होता?" मी तज्ज्ञाच्या आवाजात विचारलं. "कालच तर बंद पडला," काकू म्हणाल्या. नाना म्हणाले, करंट घेतोय का ते बघा आधी.

आई स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी घेऊन आली. बशी साहेबांच्या हातात दिली, मिक्सर आडवा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्याने आत दाबलं, सरळ करून ठेवला. "गरम झाला की पडतो तो बंद. जरा दमाने घालत जा दाणे," ती काकूंना म्हणाली. "चहा टाकू ना?"