चतुश्चक्रवीरांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री चतुश्चक्रवीर महाशयांसी, कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

शासनाने डोंगर फोडून, डांबर ओतून आणि पथकराचे नाके बसवून जे रस्ते आपल्या सेवेसाठी सिद्ध केले, ते समूळ टाळून, जिथे रस्ता नाही नेमक्या तिथेच आपले लक्षावधी रुपयांचे वाहन घालण्याचा जो निग्रह आपण अलीकडे दाखवीत आहात, त्याबद्दल आमच्यासारख्या पायी हिंडणाऱ्या क्षुद्र जीवांकडून आपला जाहीर सत्कार व्हावयास हवा होता. तो राहून गेला, म्हणून हा पत्रप्रपंच. चारही चाकांना एकदम बळ देणारे यंत्र, ओढ्यात इंजिनाचा श्वास कोंडू नये म्हणून टपापर्यंत नेलेली नळी आणि रुतल्या गाडीस ओढून काढणारी विंच, एवढा सरंजाम पदरी असलेल्याने निमूटपणे कचेरीत जावे, हा त्या सरंजामाचा उपमर्द होय, हे आम्हांस मान्य आहे. (पावसाळ्यात कचेरीच्या वाटेवरही त्याचा उपयोग व्हावा, अशी तजवीज नगरपालिका करीत असतात, हा भाग निराळा.)

आपल्या पराक्रमासाठी आपण कोकणातले आणि सह्यमाथ्यावरचे जांभ्याचे सडे पसंत केलेत, यात महसूल खात्याशी असलेली आपली एकवाक्यता दिसून येते. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिची सातबाऱ्यावर पोटखराबा अशी नोंद करून तलाठी मोकळा होतो. जिथे झाड दिसत नाही तिथे काहीच नाही असे समजून आपण गिअर टाकता. वस्तुतः उन्हाळ्यात उघडाबोडका दिसणारा हा कातळ पावसाबरोबर सजीव होतो. खळग्यांत साठलेल्या उथळ पाण्यात आणि बोटभर मातीत गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे दाटीवाटीने उगवतात. यांपैकी शेवटच्या वनस्पतीस तर त्या मातीत सत्त्व इतके थोडे मिळते, की ती पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून आपला निर्वाह करते. साताऱ्याचे नाव आपल्या शास्त्रीय नामाभिधानात मिरवणारा वायतुरा याच पठारांचा रहिवासी. टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक बहराला येते, आणि आपले टायर तेवढे थांबावयास तयार नसतात. ओल्या मातीत एकदा चाकोरी उमटली, की माती दबते, खळग्यातले पाणी त्या चाकोरीने निघून जाते आणि त्या पाण्यावर जगणारे सारे गणगोत त्याच्या मागोमाग जाते.

कासच्या पठाराचे एक बरे आहे. 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या 39 स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत त्याचा समावेश झाला, म्हणून तिथे तिकीट आहे, पहारा आहे आणि मोटारी कुठे उभ्या कराव्यात याचा काही दंडक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेक सड्यांना असा पहारा नाही. तिथे कशेळी येथे जांभ्यात कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे व त्याच्या देहात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. चित्र इतके मोठे, की मोटारीच्या काचेतून ते चित्र आहे असे मुळी कळतच नाही. ही त्या प्रागैतिहासिक कलावंताची अदूरदृष्टी म्हटली पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्याला सदैव अनुकूल राहिला आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 26 व्या कलमाने राखीव वनातील अनधिकृत प्रवेश आणि गुरे चारणे हे दोन अपराध एकाच पोटकलमात शेजारी शेजारी बसविले. पण धनगराच्या म्हशीला नंबरप्लेट नसूनही तिचा धनी तत्काळ सापडतो, आणि आपल्या वाहनास पुढे-मागे क्रमांक असून, आपल्या पराक्रमाची चित्रफीत आपण स्वहस्ते जगजाहीर करूनही, आपण मात्र सापडत नाही.

पुळणीवरच्या कामगिरीविषयी थोडक्यात सांगतो. समुद्रकासवाचे पिल्लू अंड्यातून निघून पाण्याकडे धावते, तेव्हा आपल्या चाकाने पाडलेली चर त्याला ओलांडता येत नाही. आणि भरतीच्या वेळी आपण स्वतः वाळूत रुतलात, की ज्या गावकऱ्यांचा सल्ला आपण मघाशी धुडकावला, तेच दोर आणि ट्रॅक्टर घेऊन धावतात.

या साऱ्या नासधुशीवर तोड निघाली आहे ती आपल्या छंदाच्या माहेरी, अमेरिकेत. तिथल्या मोहावी वाळवंटात 1942 साली जनरल पॅटन यांच्या फौजेने रणगाडे फिरविले, त्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी (वृक्षवेलींवर भाळणारे गृहस्थ म्हणून त्यांची ख्याती नव्हती) हुकूम काढला, की सरकारी भूमीवर अशी वाहने कुठे चालतील आणि कुठे नाही हे माती, पाणी, वन्य जीव आणि इतर फिरस्ते यांचा विचार करून खात्यांनी ठरवावे. 1977 साली कार्टर यांनी, जिथे नासधूस होत असेल तो मुलूख तत्काळ बंद करण्यास फर्माविले. आणि 2005 साली तिथल्या वनखात्याने दंडक पक्का केला, की नकाशात खुली दाखविलेली वाट तेवढीच खुली, बाकी सर्व बंद.

आपल्याकडे नेमके उलट चालते: फलक लावून बंद केले नाही ते सर्व खुले, आणि फलक लावला तर त्याला वळसा घालण्यातच खरे कौशल्य. म्हणून सरकारदरबारी आमची दरखास्त अशी, की सर्व सडे आणि पुळणी वाहनांस बंद समजाव्यात, आणि तळकोकणात ज्या चिरेखाणी दगड संपून ओसाड पडल्या आहेत, त्या धन्याच्या व ग्रामपंचायतीच्या संमतीने, यथायोग्य दस्तुरी घेऊन, आपल्या स्वाधीन कराव्यात. तिथे चढ आहेत, उतार आहेत, पावसाळ्यात छातीभर पाणीही आहे. आणि जे बिघडवायचे ते आधीच बिघडलेले आहे. हा बंदोबस्त होईपर्यंत आपण गाडी डांबरी सडकेच्या कडेला उभी करावी आणि सड्यावर पायी यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पादचारी