अथ डिकीभरण-विधी

गाडी स्वच्छ ठेवणं वेगळं आणि गाडी स्वच्छ करण्याचं सामान गाडीत ठेवणं वेगळं. पहिलं काम आमच्या सोसायटीत पहाटे येणारा पोरगा एक बादली आणि एक फाटकी बनियन एवढ्या भांडवलावर उरकतो. दुसऱ्याला साधना लागते. नागपूरचे माझे थोरले साडू हे या विद्येतले अधिकारी पुरुष. त्यांच्या डिकीचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून हे मार्गदर्शन सिद्ध केलं आहे. त्यांना अजून दाखवलेलं नाही.

नवशिक्या साधकाने आरंभी एवढंच जमवावं: शाम्पू, काचेचं निळं पाणी, डॅशबोर्डचं पॉलिश, टायर काळे करायचं औषध, मेणाचा डबा, तीन रंगांची मायक्रोफायबर फडकी, पाणी टिपायचा शॅमॉय, चाकांचा ब्रश, लायटरच्या भोकात खुपसून चालणारा व्हॅक्यूम आणि या सगळ्याचा वास मारायला अत्तराची बाटली. यातलं काही वापरलंच पाहिजे अशी अट शास्त्रात नाही.

नियम पहिला. डिकीवर पहिला हक्क या साहित्याचा. प्रवाशांच्या बॅगा प्रवाशांनी मांडीवर घ्याव्यात. लग्नाला निघालेल्या माझ्या सासूबाईंनी नागपूर ते अकोला शालूची पेटी मांडीवर आणि पायाशी पाच लिटर शाम्पूचा कॅन असा प्रवास केला आहे. ज्यांची गाडी सीएनजीची आहे, त्यांच्या डिकीत टाकी आधीच आडवी पडलेली असते. त्यांनी हा अध्याय वाचून फक्त हळहळावं.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. स्टेपनी डिकीच्या तळाशी, पत्र्याखाली असते. कोंढाळीच्या अलीकडे भर दुपारी चाक बसलं, तेव्हा स्टेपनीपर्यंत पोहोचायला अख्खा संग्रह रस्त्याच्या कडेला मांडावा लागला. बाटल्या उंचीप्रमाणे, फडकी रंगाप्रमाणे. साडूंना अव्यवस्था खपत नाही. जॅक लावेपर्यंत एक मोटरसायकलवाला थांबला आणि त्याने विचारलं, ‘शाम्पू कसा देला, भाऊ?’ साडूंनी त्याला गांभीर्याने समजावलं की हा विकायचा नाही. वापरायचाही नाही, हे मी मनात म्हटलं.

नियम दुसरा, उष्णतेचा. तो जरा सविस्तर घेऊ, कारण इथे थट्टा संपते. नागपूरचा मे महिना म्हणजे सावलीत ४५. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात ६० च्या पुढे जातं, आणि डॅशबोर्डला तर हात लावायची सोय नसते. स्प्रेच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० अंशांवर तापू देऊ नये. ‘कंपनीवाले लिहितेतच,’ साडू म्हणतात. अहो, लिहितात कारण आत दाबून भरलेला वायू बहुधा प्रोपेन-ब्यूटेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचाच चुलतभाऊ! तापला की दाब वाढतो आणि पत्र्याची सहनशक्ती संपली की डबा फुटतो. फेसाचा, पॉलिशचा, अत्तराचा, कुठलाही स्प्रे असो, उन्हाळ्यात त्याची जागा घरातल्या कपाटात. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, तिथे साडू काय ऐकणार!

करोनाच्या काळात घेतलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांबद्दलही तेच. ऊन लागून सॅनिटायझर आपोआप पेट घेतो हा मोबाइलवर फिरणारा मजकूर खोटा. पण त्याची वाफ गाडीत कोंडली असताना कुणी काडी ओढली तर ती पेटते, हे खरं. झाकण सैल असलं तर स्पिरिट उडून जातं आणि सुगंधी पाणी उरतं. साडूंकडे हे सुगंधी पाणी मुबलक आहे.

मेणाचं शास्त्र निराळं. गाडीचं उंची मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून येतं. शुद्ध मेण वितळायला ८० अंशांच्या वर जावं लागतं, पण डब्यातल्या मेणात तेलं आणि पातळ करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ते कितीतरी आधी मऊ पडतं. साडूंचा डबा दर उन्हाळ्यात पातळ होतो आणि जसा कलंडलेला असेल तसाच थिजतो. सध्या आतलं मेण एका बाजूला काठाशी आलंय आणि दुसऱ्या बाजूला तळ दिसतो. वरची चांदीची पन्नी अजून फोडलेली नाही. कोपऱ्यातून डोकावूनच हे सगळं पाहावं लागतं.

नियम तिसरा. ड्रायव्हरच्या सीटखाली काहीही ठेवू नये. बाटली घरंगळत ब्रेकच्या पॅडलखाली गेली की पॅडल दाबलं जात नाही. पुढे लिहायची गरज नाही.

फडक्यांविषयी. मायक्रोफायबर जमिनीवर पडलं की ते गाडीच्या रंगाच्या कामातून गेलं. त्याच्या तंतूंत अडकलेली वाळू रंगावर बारीक गोल चरे पाडते. असं फडकं चाकांच्या कामाला लावावं. धुताना सुती टॉवेलांबरोबर टाकू नये, कापसाचे धागे चिकटतात. सुगंधी कंडिशनरही नको, पाणी शोषायची ताकद जाते. साडूंची तिन्ही फडकी या सर्व धोक्यांपासून मुक्त आहेत, कारण ती पाकिटात आहेत. ‘काहून खराब करता?’ असं म्हणून ते सीटच्या मागच्या जाळीतून आपली जुनी लुंगी काढतात.

शॅमॉयचं एक दुखणं आहे. तो वाळला की खापरासारखा कडक होतो, म्हणून ओलसर असतानाच नळकांड्यात कोंबून झाकण लावायचं असतं. तसा तो आपल्या उन्हात दोन दिवस राहिला की जो वास येतो, त्यावर अत्तराची बाटली मारा करते आणि मग दोन्ही वास एकत्र नांदतात. त्याला घरी नेऊन तारेवर टाकावं. कडक झाला तर होऊ दे, पाण्यात घातला की पुन्हा मऊ पडतो.

डॅशबोर्डच्या पॉलिशबद्दल एकच वाक्य: स्टीअरिंगला आणि पॅडलना लावू नका, हात-पाय सटकतात.

मग गाडीत ठेवायचं तरी काय? एक पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं, दाराच्या खिशात. बस्स. पक्ष्याची शीट उन्हात रंगाच्या वरच्या थरात उतरते आणि डाग कायमचा राहतो. तिच्यावर ओलं फडकं ठेवावं, ती मऊ झाली की उचलावी, घासू नये. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकट गोडवा टपावर पडतो, त्यालाही पाणी पुरतं.

हे ज्ञान मला कुणाकडून मिळालं, ते सांगणं भाग आहे. समृद्धी महामार्गावर रात्री निघालो की काचेवर किड्यांचा सडा पडतो. एकदा पेट्रोलपंपावर थांबलो तर साडू उतरले, लुंगी भिजवली, काचेवर अलगद पसरली आणि चहा पिऊन आले. मग एका हाताने ती ओढली आणि काच लख्ख! शेजारच्या गाडीतला पोरगा वायपर चालू करून किडे काचभर फासत होता. ‘अबे, कोरडा वायपर नको चालवू, रबर जाईल!’ असं ओरडत साडू त्याच्याकडे गेले. मग त्याची काच पुसली. मग त्याच्या पलीकडच्या जीपची. आम्ही गाडीत जांभया देत बसलो होतो. निळ्या पाण्याच्या बाटलीचं सील मी पहिल्यांदाच फुटताना पाहिलं, तेही परक्या माणसासाठी.

शेवटचा नियम खंडेनवमीचा. त्या दिवशी सगळं साहित्य डिकीतून काढून पाटावर मांडावं. प्रत्येक बाटलीला हळदकुंकू वाहावं, व्हॅक्यूमला झेंडूचं फूल खोवावं. बॉनेटवर ओल्या हळदीने स्वस्तिक काढावं. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग बसतो, तो लगेच पुसलेला बरा. पण पुसायचं साहित्य पूजेत आहे आणि पूजेतलं साहित्य दसरा उजाडेपर्यंत उचलत नाहीत.