कचऱ्याचा ठेका पाहायला शिका : नवशिक्यांसाठी

साहित्य : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पाण्याची बाटली, साधा कॅल्क्युलेटर आणि एक रिकामा सोमवार.

सोमवारच का, तर राज्य सरकारच्या २०१८च्या शासन निर्णयानुसार महापालिकांपासून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांपर्यंत सगळ्यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं पाहू द्यायची आहेत. पुणे महापालिकेत तर ही सोय २००९ मध्येच सुरू झाली होती. तेव्हा तीन वाजता घनकचरा विभागात हजर व्हा आणि शांतपणे म्हणा, "कचरा वाहतुकीची फाइल बघायचीय."

इथून भाषेचा सराव सुरू होतो. 'साहेब साइटवर आहेत' म्हणजे साहेब आत आहेत. 'फाइल ऑडिटला गेलीय' म्हणजे फाइल कपाटात आहे, पण किल्ली साहेबांकडे आहे. 'पुढच्या सोमवारी या' म्हणजे पुढच्या सोमवारी या, एवढं मात्र खरं असतं.

फाइल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. कचऱ्याबद्दलचा तुमचा संताप दीडशे शब्दांत मावणार नाही, तो घरी ठेवून जा. "कशाला हवंय हे?" असं विचारलं जाईल. कारण सांगण्याचं बंधन कायद्याने घातलेलं नाही. "सहज" म्हणा. सरकारी कचेरीत या शब्दाइतकी धडकी दुसरा कुठलाच शब्द भरवत नाही.

आता मागायचं काय? नवशिका हमखास 'करारनाम्याची प्रत' मागतो आणि ती मिळाली की हरखून जातो. घंटागाड्यांना जीपीएस, ओला-सुका वेगळा, गाडी न आल्यास दंड, सगळं त्यात असतं. करारनामा म्हणजे लग्नपत्रिका. निमंत्रण कुणाकुणाला होतं ते त्यात छापलेलं असतं, पंगतीत किती पानं उठली ते आचाऱ्याला विचारावं लागतं. कचऱ्याच्या ठेक्यातला आचारी म्हणजे वजनकाटा.

बहुतेक ठिकाणी वाहतुकीचे किंवा प्रक्रियेचे पैसे टनावर मिळतात. म्हणून वजनपावती मागा. दिसायला ती किराणा दुकानातल्या पावतीएवढीच असते : गाडीचा नंबर, तारीख, वेळ, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. आधी गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाका. तिथे ट्रकऐवजी दुचाकी निघाली तर पाणी प्या आणि पुढे वाचा. मग वेळ बघा. डेपो शहराबाहेर वीस किलोमीटरवर असताना एकच गाडी पाऊण तासात दोन खेपा करत असेल, तर तिच्या चालकाचा सत्कार करायला हवा. रिकाम्या गाडीचं वजन महिनाभर किलोचाही फरक न पडता तेच येतंय का, हेही तपासा. तसं असेल तर गाडी रिकामी करून काट्यावर चढवलीच जात नाही, एवढं समजा. कचऱ्यात राडारोडा मिसळला असेल तर तो पावतीवर दिसत नाही, पण काट्यावर तो कचऱ्यापेक्षा इमानदारीने भरतो. आणि पावसाळा? भिजलेल्या कचऱ्यातलं पाणीसुद्धा टनाच्याच भावाने मोजलं जातं.

इथे थोडं विषयांतर. कचरावेचक पुठ्ठा, बाटल्या, भंगार उचलून नेतात तेव्हा काट्यावरचं वजन कमी होतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारी हेच काम केलं. त्यांनी वेचलेला किलो टनाच्या बिलात येत नाही. टनावर पैसे देणाऱ्या करारात कचरा वेगळा करणारा माणूस सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपणार. असा करार लिहिणाऱ्यांना हे कळत नसेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

पुढचा शब्द 'मुदतवाढ'. ठेका संपतो, नवी निविदा 'प्रक्रियेत' असते, तोवर जुन्यालाच तीन महिने, मग आणखी तीन. हे ठराव बरेचदा सभेत 'ऐनवेळचा विषय' म्हणून येतात, म्हणून इतिवृत्त मागताना शेवटची पानं आधी बघा. २०२२ पासून प्रशासकांच्या काळात तर आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तो मंजूर करायचा, इतका एकोपा होता.

कधी उत्तर येईल : 'व्यापारी गुपित, कलम ८(१)(घ)'. ओल्या नारळाच्या करवंट्यांत कसलं गुपित, असं भांडू नका. व्यापक जनहित असेल तर असं गुपितही उघड करता येतं, हे त्याच कलमातलं वाक्य लिहून वीस रुपयांत पहिलं अपील करा. दुसऱ्या अपिलाची घाई नको. २०२३च्या जूनअखेर राज्य माहिती आयोगाकडे लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. तुमचा नंबर लागेपर्यंत ठेकाच काय, मुदतवाढही संपलेली असेल.

म्हणून पाच वर्षांचे कागद मागू नका. एका आठवड्याच्या वजनपावत्या आणि त्याच आठवड्याचं बिल मागा, पानाला दोन रुपये पडतात. शेजाऱ्याला त्याच्या पुढच्या आठवड्याच्या मागायला सांगा. खरं तर या पावत्या रोज संध्याकाळी संकेतस्थळावर टाकायला महापालिकेला एकही नवा कायदा लागत नाही. लोकांवर अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती आपणहून जाहीर करत राहा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सन २००५ पासून सांगतंय.