झाकण बसायचंय

जिभाऊंच्या घरातला अ‍ॅम्प्लिफायर कायम उघडा असतो. झाकण खिडकीत आणि त्याचे स्क्रू खोबरेल तेलाच्या बाटलीच्या बुचात. "झाकण बसायचंय अजून," असं म्हणत ते तुम्हाला बसायला जागा दाखवतात. ही जागाही ठरलेली: दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, म्हणजे सोफ्याच्या दोन गाद्यांमधल्या खाचेत. जरा सरकून बसलात तर जिभाऊ हाताने खूण करून पुन्हा खाचेत घेतात. वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांना डाव्या स्पीकरसमोरून जायची परवानगी नाही.

नंदुरबारात असा घरीच अ‍ॅम्प्लिफायर जोडणारा एक जिभाऊ जवळजवळ प्रत्येक गल्लीत सापडतो. कुठे तो जिल्हा परिषदेचा मास्तर असतो, कुठे बाजार समितीत मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहितो. शिक्षण काहीही असलं तरी 'चव्वेचाळीस-चाळीस' त्याला पाठ असते. ही सॅन्योची एलए ४४४० नावाची आयसी. चौदा पायांची, मूळची मोटारीतल्या टेपसाठी काढलेली. एका बाजूला सहा वॅट, दोन्ही बाजू जोडल्या तर एकोणीस. मोटारीतली म्हणून बारा व्होल्टवर चालणारी, आणि आपल्याकडे तिचं नशीब उघडलं ते त्यामुळेच. २००५-०६ च्या सुमारास भारनियमनाने गावं तासन् तास अंधारात असायची, तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात गाणी वाजवणारा हाच माणूस होता. सकाळी ट्रॅक्टर चालू होईना म्हणून भाऊबंदकीत जे व्हायचं ते झालं, पण त्या रात्री अख्ख्या गल्लीने ओट्यावर बसून गाणी ऐकली हे कोणी नाकारत नाही.

वीज आली तसा ट्रान्सफॉर्मरचा नाद लागला. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डायोडमधून काढला की कपॅसिटरवर सतरा व्होल्ट होतात आणि त्या आयसीची सहनशक्ती अठराला संपते. एका व्होल्टाच्या या अंतरात जिभाऊंचा संसार चालतो. मे महिन्यात नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडून वर चढला की दुपारी गाणं मध्येच गप्प होतं. आयसी तापली की तिच्यातली सोय तिला आपोआप बंद करते. "आराम करू राहिली," जिभाऊ कौतुकाने सांगतात. स्वतः मात्र पंखा तिच्याकडे वळवून घामाघूम बसतात.

सामान सुरतेहून येतं. भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी दारातून जाते म्हटल्यावर मुंबईला लॅमिंग्टन रोडला कशाला जायचं, हा त्यांचा सवाल. लग्नाच्या साड्या घ्यायला दोघं जातात. वहिनी दुकानात बसतात, जिभाऊ "आलोच" म्हणून जे नाहीसे होतात ते थेट स्टेशनावर भेटतात, पिशवी एका बाजूला लोंबलेली. घरी आल्यावर साड्या बाजूला राहतात आणि पहिल्यांदा पिशवी उघडते. जिभाऊ ट्रान्सफॉर्मर तळहातावर घेतात, डोळे मिटून तोलतात, मग ब्लेडने तारेच्या टोकावरचा मुलामा खरवडतात. आतून लालसर चमक निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. पांढरी निघाली की त्या दिवशी जेवणावर वासना नसते. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी तिथला होम थिएटर हातात उचलून पाहिला होता. "पाच हजार वॅट लिहिलंय पीएमपीओ, आणि वजन एवढंसं!" बाहेर पडल्यावर म्हणाले, "माणसं खोटी नसतील, पण फसतात लवकर." लग्न तिथेच झालं. जावयाचा सेट पहिल्या दिवाळीत उघडला गेला.

चाचणीचं गाणं एकच. 'यादों की बारात' या १९७३ च्या चित्रपटातलं, सुरुवातीला पेल्यावर चमच्याचा नाद असलेलं आशाबाईंचं. तो नाद उमटला की जिभाऊंचं बोट वर जातं. "आते आयक!" पेला वाजतो, गिटार येते, चार ओळी होतात आणि गाणं थांबतं, कारण एक तार बदलून पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं असतं. त्या गाण्यात पुढे रफीसाहेबही गातात, हे त्यांच्या मुलांना कॉलेजात गेल्यावर कळलं.

मग तो प्रश्न येतो: "आवाज कसा शे?"

याला सुटकेचं उत्तर नाही. "छान" म्हटलं तर "कालच्यापेक्षा?" असं विचारतात. तुम्ही काल आलेलाच नसता. "घुंऽ असं ऐकू येतंय का मागे?" याला "हो" म्हटलं तर सोल्डरिंग आयर्न तापायला लागतं, राळेचा धूर पसरतो आणि तासभर अर्थिंगचा शोध चालतो. "नाही" म्हटलं तर तुम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवला जातो. खरखरीचं कारण मात्र त्यांच्याकडे तयार असतं. हिवाळ्यात गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली आणि वारा सुटला की सगळं गाव ठसकतं. जिभाऊंच्या मते ती पूड व्हॉल्यूमच्या खुंटीत जाते. खुंटी पुण्यात करकरली असती तरी त्यांनी दोष मिरचीलाच दिला असता.

वहिनींची खरी तक्रार माठाबद्दल आहे. खेड्यापाड्यांत माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवायची रीत जुनी. पोटातली हवा घुमते आणि आठशे रुपयांचा स्पीकर ढोलासारखा बोलतो. जिभाऊंनी उन्हाळ्याच्या तोंडावर आणलेले माठ एकामागून एक वाजवून पाहिले, सर्वांत सुरेल निघाला तो स्पीकरला ठेवला आणि उरलेल्यांतला एक पाण्याला दिला. तो झिरपतच नाही, पाणी गरम राहतं. पाहुण्यांना थंड पाणी हवं असेल तर शेजारून येतं.

एवढं असून डीजेचा त्यांना मनस्वी राग. वरातीत ते नाचत नाहीत, गाडीच्या मागे उभे राहून खोकी मोजतात. "वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हे येडे डिझेल जाळू राहिलेत." रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम त्यांना तोंडपाठ आहे. स्वतःचं घर हे भोंग्यात मोडत नाही, असं त्यांचं मत.

पण दहाव्याच्या प्रवचनात माइक शिट्टी मारायला लागला, मंडपवाला नुसताच बटणं फिरवत बसला आणि महाराज ओशाळले, तेव्हा मागच्या रांगेतून हेच उठले. माइकच्या पाठीमागे ठेवलेला स्पीकर उचलून त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवला. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरायचा थांबला, शिट्टी गेली. कोणाला काही न बोलता परत मागे जाऊन बसले. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात, न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, अंगणवाडीत जे काही वाजतं ते यांनीच फुकट बनवून दिलेलं. झाकण कशालाच नाही. ते बसवलं की पुन्हा जाऊन उघडायचं निमित्त राहत नाही, हे वहिनींनी केव्हाच ओळखलंय.

तेव्हा माळ्यावर बंद पडलेला टेप किंवा रेडिओ असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तुमच्या गल्लीतल्या जिभाऊंना विचारा. त्या जुन्या सेटांतला ट्रान्सफॉर्मर बहुधा तांब्याचाच असतो.