स्टोअरकीपरची बढती

कंपनी विकली जाते तेव्हा घेणाऱ्याची माणसं आधी मोजदाद करतात. यंत्रं, शेड, फोर्कलिफ्ट, येणी-देणी, गोदामात धूळ खात पडलेला माल, सगळ्याची यादी होते. कामगारांचा उल्लेख भाषणात येतो. तिथे त्यांना 'आपली खरी संपत्ती' म्हणतात. ताळेबंदात शोधायला जाऊ नये. तळेगावला जनरल मोटर्सनं डिसेंबर 2020 मध्ये गाड्या बनवणं थांबवलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला. जमीन, इमारती, काही यंत्रं. कामगार त्या यादीत नव्हते, ते कोर्टात आणि उपोषणाच्या मंडपात होते.

यादीत असणं हेही सुखच असतं असं नाही. नवे साहेब बाह्या दुमडून टाउन हॉलमध्ये उभे राहतात आणि म्हणतात, "तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही." हे ऐकलं की जुनीजाणती मंडळी नेमणूकपत्राची झेरॉक्स काढायला पळतात.

ओळखीतल्या एका कारखान्यात (नाव विचारू नका, तेही आता बदललंय) आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या एका काकांना टेकओव्हरनंतर लगोलग बढती मिळाली. हुद्दा, 'असिस्टंट मॅनेजर, सप्लाय एक्सलन्स'. पगार तोच. काम तेच, म्हणजे नटबोल्ट मोजून देणं. त्यात भर म्हणून रोज इंग्रजीत डॅशबोर्ड भरणं, दर शुक्रवारी गुरुग्रामच्या साहेबांपुढे पाच स्लाइड दाखवणं आणि 'व्यवसायाच्या गरजेनुसार' देशात कुठेही जायची तयारी ठेवणं. काकूंनी आळीत पेढे वाटले.

या पेढ्यांमागचा हिशेब जरा समजून घेण्यासारखा आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ होतं. पगार, भत्ते, कामाचे तास, रजा, श्रेणी, इतकंच काय, वर्षानुवर्षं चालत आलेली एखादी सवलत, यांत बदल करायचा तर मालकानं 21 दिवस आधी नोटीस द्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. 21 दिवस मात्र शाबूत राहिले. मालकीच बदलली तर आणखी एक तरतूद आहे, पूर्वीचं कलम 25एफएफ. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात केल्यासारखी भरपाई द्यायची, दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ती टाळायची तर नव्या मालकाकडे नोकरी अखंड हवी, अटी कुठल्याही बाबतीत आधीपेक्षा वाईट नकोत आणि उद्या कपात झालीच तर जुनी वर्षं धरूनच हिशेब व्हायला हवा. थोडक्यात, 'काहीही बदलणार नाही' हे वाक्य फुकटात म्हणायची सोय नाही. त्याचा दर कायद्यात छापलेला आहे.

पण हे सगळं 'कामगारा'साठी. व्यवस्थापकाला नाही. देखरेखीचं काम करून महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेणाऱ्यालाही नाही. ज्या पगारावर बँक दुचाकीचं कर्ज देताना दोनदा विचार करते, त्या पगारावर संहिता माणसाला साहेब समजते! तेव्हा शहाणा मालक हक्क काढून घेत बसत नाही. तो माणसालाच उचलून हक्कांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतो आणि हातात पुष्पगुच्छ देतो.

न्यायालयं या बाबतीत फार अरसिक. हुद्दा काय लिहिलाय हे बघत नाहीत, मुख्य काम काय ते विचारतात. कुणाची रजा मंजूर करता? कुणाला कामावर घेता? काका फक्त ग्रीसचे डबे मंजूर करतात. म्हणजे कायद्यानं ते कामगारच ठरावेत. फक्त ते ठरेपर्यंत तारखा पडत राहतात आणि तोवर कंपनी तिसऱ्याला विकून झालेली असते.

आयटीतल्या मंडळींनी हसू नये. 'कामगारा'च्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेलं आहे. पण व्हिजिटिंग कार्डावरचं 'लीड' पुसून कामगार आयुक्तांच्या दारात उभं राहायचं म्हणजे सासरच्यांना काय सांगायचं?

माणूस मालाबरोबर आपोआप विकला जातो का, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये नोक्स नावाचा खाणकामगार कामावर गेला नाही म्हणून कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. तो म्हणाला, मी तुमचा नोकरच नाही. माझी कंपनी तुमच्यात विलीन झाली तेव्हा मला कुणी विचारलं होतं? 1940 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याचं म्हणणं उचलून धरलं. लॉर्ड ॲटकिन यांच्या मते, कोणाची चाकरी करायची हे स्वतः ठरवता येणं, हाच नोकर आणि वेठबिगार यांच्यातला मुख्य फरक. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये, फिलिप्सचा कोलकात्यातला टीव्हीचा कारखाना व्हिडिओकॉनच्या गटात गेला त्या प्रकरणात, संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या व्यवस्थापनाच्या हाताखाली ढकलता येत नाही आणि तो नको म्हणाला तर भरपाईचा हक्कदार ठरतो, असं म्हटलं. मुंबईत भाडेकरूंसकट चाळ विकत घेणारा भाडेकरूंना वचकून असतो. कारखाना घेणाऱ्याला तेवढा वचक वाटत नाही, कारण इथल्या भाडेकरूंनी पावत्या जपलेल्या नसतात.

आता संमतीचं काम पोर्टलवर होतं. काकांना मेल आला : शुक्रवारी सहाच्या आत 'नवी भूमिका आनंदाने स्वीकारतो' हे बटण दाबावं. दुसरं बटण नव्हतं. गप्प राहून महिनोन् महिने नवं काम करत राहिलं तर उद्या तीच संमती म्हणून पुढे केली जाते, हे काकांना युनियनच्या जुन्या सेक्रेटरीनं सांगून ठेवलं होतं. त्यांनी साध्या कागदावर लिहिलं : 'पत्र मिळाले. कामाच्या अटींतील बदल मान्य नाही. मूळ कामावर हजर आहे व राहीन.' आणि दोन प्रती घेऊन एचआरमध्ये गेले.

"काका, सिस्टीममध्ये 'मान्य नाही' असा ऑप्शनच नाहीये," तिथली मुलगी म्हणाली. "मी 'आनंद प्रलंबित' टाकू का?"

"मॅडम, तुम्ही काहीही टाका," काका म्हणाले. "माझ्या प्रतीवर तेवढा आजच्या तारखेचा शिक्का मारा."