पिंपावरील जबानी

जर्मन भाषेत मनुष्याला नुसता जिना चढता येत नाही. तो बोलणाऱ्यापासून दूर चालला आहे की त्याच्याकडे येत आहे, याचा दाखला क्रियापदाला जोडावा लागतो, आणि दूर जाणाऱ्यास ‘हिन’ व जवळ येणाऱ्यास ‘हेर’ लावल्यावाचून शुद्ध व्याकरणाच्या हद्दीत त्या बिचाऱ्यास पाऊल टाकण्याची मुभा नाही. शिवाय, आपण शहरात असलो तर ‘इन डेर श्टाट’, शहरात चाललो तर ‘इन डी श्टाट’, असे दुहेरी दप्तर ठेवणारी अव्यये तेथे नऊ आहेत.

हायडेलबर्गच्या प्रवासात माझे सोबती असलेले सेवानिवृत्त मामलेदार रावसाहेब या व्यवस्थेवर बेहद्द खूष होते. कारण उभ्या हयातीत चतुःसीमा पाहिल्यावाचून त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. हरकत होती ती एका ‘उमफारेन’वर. धातूवर आघात दिल्यास त्याचा अर्थ वळसा घालून जाणे, आणि उपसर्गावर दिल्यास गाडीने धडक देऊन आडवे करणे. त्यातून या दुसऱ्या अर्थी तो ‘उम’ सुटून वाक्याच्या शेपटाशी जाऊन बसतो, त्यामुळे रस्त्यातील शिपाई वाचला की गेला हे पूर्णविरामापर्यंत कळत नाही. असली जबानी आपण फौजदारीत दाखल करून घेतली नसती, असे ते म्हणत.

तेथील किल्ल्याच्या तळघरात १७५१ सालचे, सुमारे २,२०,००० लिटर मद्य मावेल असे अगडबंब लाकडी पिंप आहे आणि त्याच्या माथ्यावर जावयास जिना आहे. रावसाहेब वर पोचले.

“या की! मी ‘हेराउफ’ म्हणणार, तुम्ही तिथून ‘हिनाउफ’.”

“आणि मधल्या पायरीवरच्या इसमाने?”

रावसाहेबांनी निमिषभर डोळे मिटले. “त्याच्या खालचा जिना ‘हेर’कडे, वरचा ‘हिन’कडे. वाटणी स्वच्छ आहे.”

नेमक्या त्याच पायरीवर एक जर्मन पोरगा रेंगाळत होता. खालून आजोबांनी त्याला हाक दिली, “रुंटर!” त्याला उतरवण्यासाठी वरून आजीही ओरडली, “रुंटर!” व्यवहारात ही मंडळी ‘हिन’ आणि ‘हेर’ दोन्ही गिळून टाकतात व नुसता एक ‘र’ शिल्लक ठेवतात, ही गोष्ट आमच्या व्याकरणकर्त्याने आम्हांपासून दडवली होती.

रावसाहेब कठड्यावरून वाकले. “साक्षीदार दोन, ठिकाणे दोन, आणि जबाब अक्षरशः एक! पढवलेले आहेत.”