मोझार्टचं बाळकडू

१९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ३६ कॉलेजकुमारांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला. घडी घातलेला, कात्री लावलेला कागद मनातल्या मनात उलगडण्यात त्यांचे गुण थोडे वाढले. पाव तासात ती हुशारी ओसरलीसुद्धा. प्रयोगात तान्हं बाळ एकही नव्हतं. पण आईबाप आणि सीडीवाले एवढ्याशा तपशिलाने थोडेच बधतात! १९९८मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत पुरवण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. बाळांनी काही मागितल्याची नोंद नाही. (त्यांना दूध पुरलं असतं.) मग 'बेबी आइनस्टाइन' या बाळांसाठीच्या व्हिडिओंनी घरं भरली. खुद्द आइनस्टाइन बोलायलाच इतका उशिरा लागला, की घरच्यांनी डॉक्टर गाठला होता. पण त्याचं नाव खपतं. २००९मध्ये ते व्हिडिओ विकणाऱ्या डिस्नेने डीव्हीडींचे पैसे परत देऊ केले. गेलेली झोप मात्र कुणी परत दिली नाही.

आपण अर्थातच असल्या पाश्चात्त्य खुळाला भुलत नाही. आपल्याकडे पोटावर हेडफोन लावतात तेव्हा त्यातून मंत्र वाजतात.